बोनेटवरचं यीस्ट

यीस्ट शिकवायला उभा राहिलो की माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "ही पेशी आपल्यापेक्षा शिस्तीची आहे." वर्गातली पोरं माझ्याकडे बघतात, चुकीच्या काजात घातलेल्या माझ्या बटणाकडे बघतात, आणि त्यांना ते लगेच पटतं.

शिस्त म्हणजे काय, तर पेशीच्या आत कप्पे असतात आणि प्रत्येक प्रथिनाला आपापल्या कप्प्यात जावं लागतं. प्रथिनं तयार होतात एकीकडे, लागतात दुसरीकडे. म्हणून ती आधी मधल्या एका ठिकाणी येतात, तिथं त्यांची वर्गवारी होते आणि मग इवल्याशा पिशव्यांत भरून ती पुढे रवाना होतात. त्यातला एक कप्पा भला मोठा, पाणी भरलेल्या फुग्यासारखा. पाठ्यपुस्तकात त्याला रिक्तिका म्हणतात, पण तो रिकामा अजिबात नसतो. जुनं मोडायचं, लागेल ते साठवायचं, सगळं तिथं. तिकडे जाणाऱ्या प्रथिनाच्या डोक्याशीच पत्ता लिहिलेला असतो. वर्गवारीच्या जागी बसलेली यंत्रणा तो वाचते आणि माल तिकडे वळवते. पत्ता नसला, किंवा वाचणाऱ्याचं डोकं ठिकाणावर नसलं, तर तो माल सरळ पेशीच्या बाहेर जातो. कोणी अडवत नाही.

हे मी इतकी वर्षं शिकवतोय. इतकी वर्षं शिकवून ते माझ्या स्वतःच्या डोक्यात शिरलं होतं असा माझा समज होता.

बुलढाण्याच्या आमच्या कॉलेजात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला धामणगाव बढ्याची एक मुलगी होती. घरची शेती, बोलायला फटकळ, हात मात्र सोनाराचा. तिनं प्रकल्पाला हाच विषय घेतला. महागडी सूक्ष्मदर्शकं आमच्याकडे नाहीत, म्हणून तिनं सोपा रस्ता धरला. साखर फोडणाऱ्या एका प्रथिनाला रिक्तिकेचा पत्ता चिकटवलेले यीस्टचे वाण मी जिथं पीएच.डी. रखडवली तिथून आणले होते. यंत्रणा नीट चालली तर ते प्रथिन आत कोठारात जाऊन बसतं, बाहेरची साखर तशीच राहते. यंत्रणा बिघडली तर ते बाहेर पडतं, साखर फुटते आणि ग्लुकोज होतं. ग्लुकोज ओळखायला पॅथॉलॉजीवाल्याचं रक्तातली साखर तपासायचं औषध पुरतं. ग्लुकोज असेल तर गुलाबी, नसेल तर पाण्यासारखं.

वाण दोन होते. एक शहाणा, तो कशानंही बिघडत नाही. दुसऱ्याला आम्ही तापट म्हणायचो. गार ठेवला तर पत्ता बरोबर वाचतो. अंगात ताप असावा एवढी ऊब लागली की वाचणाऱ्याचं डोकं फिरतं आणि माल बाहेर. तिचा सगळा प्रकल्प या तापटावर उभा होता. एकाच नळीतल्या पेशी, अर्ध्या गार ठेवायच्या, अर्ध्या गरम. गार ठेवलेल्या पांढऱ्या, गरम ठेवलेल्या गुलाबी. बस.

परीक्षेला पुण्याच्या एक मॅडम येणार होत्या. त्यांच्या प्रयोगशाळेत संशोधनाला एक जागा होती आणि आमच्या मुलीचा अर्ज त्यांच्यापुढे पडला होता. त्यांनी कळवलं, कागदावर सगळेच शहाणे असतात, मी समोर होताना बघेन, मग ठरवेन.

"आणि नाही झालं तर?" मी विचारलं.

"तर बी.एड. हायेच ना सर," ती म्हणाली. "बाबानं फॉर्म आणूनच ठेवला."

परीक्षा सोमवारी. आणि शनिवारी कॉलेजातला गार ठेवायचा कपाटवजा इन्क्युबेटर व्होल्टेजच्या एका झटक्यानं बसला. फ्रिज त्याच्या आधीच आजारी होता. एप्रिलची दुपार, खिडक्यांच्या गजांना हात लावला तर चटका. ती नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्यासमोर उभी.

"माझा भाऊ आहे ना दुसरबीडला," मी म्हणालो. "त्याचं जनावरांच्या औषधांचं दुकान आहे. लसींसाठी फ्रिज, त्याला इन्व्हर्टर. दोन दिवस मस्त राहतील. सोमवारी सकाळी मी स्वतः घेऊन येतो."

"सर, मीच घेऊन गेली तर?"

"तुझा विश्वास नाही का माझ्यावर?"

तिनं फडक्याची गाठ आणखी घट्ट केली. त्यात सगळं आलं.

शनिवारी मोटारसायकलवर मांडीशी बर्फाचा डबा धरून मी नळ्या दुसरबीडला सुखरूप नेल्या. हे मुद्दाम सांगतो, कारण माझ्या हातून बरोबर झालेली ती एकच गोष्ट. भावानं फ्रिजमध्ये म्हशींच्या लसींशेजारी जागा करून दिली. रविवारी मी तीनदा-चारदा जाऊन फ्रिजचं दार उघडून बघितलं, शेवटी तो म्हणाला, "दादा, आता उघडू नको, माझ्याच लसी मरतील."

सोमवारी सकाळी मात्र माझी अक्कल चालली. मोटारसायकलवर जायचं तर ऊन डब्यावर पडणार, वाटेत खड्डे, नळ्या हादरणार. बसनं जायचं तर मोटारसायकल दुसरबीडलाच राहणार आणि पुन्हा न्यायला यावं लागणार.

"मग राहू दे ना गाडी हितं," भाऊ म्हणाला. "बसनं जा डबा घेऊन. चार दिवसांनी ये."

"डबा बसनं जाईल," मी म्हणालो. "मी गाडीवर मागून येतो."

आमच्याकडे हे चालतं. बुलढाण्याला शिकणाऱ्या पोरांचे डबे गावागावांतून सकाळच्या गाडीनं जातात. आई फडक्यात बांधून ड्रायव्हरकडे देते, स्टँडवर पोरगा उतरवून घेतो. प्रत्येक घराची खूण ठरलेली असते. कुणाच्या फडक्याला लाल दोरा, कुणाचं फडकं जुन्या लुगड्याच्या काठाचं, कुणाच्या डब्याला बांगडी अडकवलेली. नावं कोणी लिहीत नाही, ड्रायव्हरला खुणा पाठ असतात. मी स्वतः शिकत होतो तेव्हा याच वाटेनं जेवलोय.

मी स्टीलच्या डब्यात बर्फ भरला, दोन्ही नळ्यांवर वाणांचे क्रमांक लिहिलेल्या चिठ्ठ्या नीट लावल्या, झाकणाच्या आतल्या बाजूला कॉलेजचं नाव, माझं नाव, मुलीचं नाव, 'गार ठेवा' असं सगळं लिहून चिकटवलं. मग झाकण लावलं आणि वहिनीनं इस्त्री करून ठेवलेल्या पांढऱ्या रुमालात डबा बांधला. स्वच्छ, कोरा, पांढरा रुमाल. बांधून झाल्यावर मी त्याच्याकडे कौतुकानं बघितल्याचंही आठवतं.

"कोनासाठी हाय?" ड्रायव्हरनं खिडकीतून विचारलं.

"स्टँडवर एक मुलगी येईल."

"बरं," म्हणून त्यानं डबा घेतला. गाडी निघाली. मुलीला फोन केला, डबा सकाळच्या गाडीत आहे, उतरवून घे. ती म्हणाली, "सर, तुम्ही सोबत नाही?" मी म्हणालो, मागूनच येतोय. आणि तसा मी मागून निघालोही. अगदी आरामात.

चिखलीला मी रसवंतीवर थांबलो. ग्लास हातात, समोर स्टँड, एक गाडी लागलेली. तिचा ड्रायव्हर चढला, त्यानं आपल्या जेवणाचा डबा काढला आणि सीटशेजारच्या बोनेटवर ठेवला. खाली इंजिन, वर पत्र्याचं झाकण. दुपारपर्यंत भाकरी गरम राहावी म्हणून.

मी ग्लास तसाच खाली ठेवला.

सगळेच ड्रायव्हर हेच करतात. पोरांचे डबे बोनेटवर रचतात, का तर लेकरांना गरम जेवण मिळावं. माझ्या शिक्षणाच्या साऱ्या काळात मी आईची भाजी इंजिनावर गरम झालेली खाल्ली, आणि सकाळी डबा देताना ते मला आठवलं नाही. तापट वाण माणसाच्या तापाएवढ्या उबेला बिघडतो. बोनेटवर तर पापड भाजले जातील.

मी फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. "हॅलो सर, मी स्टँडवर—" आणि कट. पैसे टाकले की नाही ते न बघता मोटारसायकल काढली. चिखलीपासून पुढचा सगळा रस्ता मी एका बसच्या मागे काढला, ती आमची बस नव्हती हे मला ओव्हरटेक केल्यावर कळलं. डोक्यात एकच हिशेब : बर्फ किती टिकला असेल? डबा खालच्या थरात असेल की वरच्या? खालच्या थरात असेल तर संपलं. वरच्या थरात असेल तर उशिरा संपलं.

बुलढाण्याच्या स्टँडवर पोचलो तेव्हा आमची गाडी रिकामी उभी होती. ड्रायव्हर तंबाखू मळत होता.

"डबा? पांढऱ्या रुमालातला?"

"तो तुमचा व्हता काय?" तो म्हणाला. "त्याले खूणच नाही काही. कोनी माहा म्हणून मागितला नाही. पोरी लई होत्या, कोनाले देऊ म्या? बिनखुणेचा डबा आमी बाहेर देतो, गेटवर. कोनी भुकेला असते तिथं."

"बोनेटवर होता?"

"मंग काय डोक्यावर ठेवू?"

मी गेटकडे पळालो. लिंबाच्या सावलीत एक म्हातारा बसला होता आणि त्याच्यासमोर आमची मुलगी उकिडवी बसली होती. डबा उघडा, दोन्ही नळ्या तिच्या मुठीत. म्हातारा तिला समजावत होता, "म्या काई खाल्लं नाही बाई. उघडून पायलं तर पानी अन् हे गढूळ शिशे. असा डबा कोनती माय देते लेकराले?"

तिनं त्याला स्वतःचा डबा दिला होता. तो आधीच अर्धा संपला होता.

तिनं माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे ओले होते, पण आवाज कोरडा. "सर, मी हरेक डबा पायला. कोणावर नाव नाही. या बाबानं शिशे वर धरून पायले, तेव्हा सापडले. तुमचं नाव कुठं हाय माहीत हाय? आतून. झाकणाच्या आतून."

"मला वाटलं, आत सुरक्षित राहील."

"पत्ता वाचता आला पाहिजे म्हणून बाहेर असते, सर. तुम्हीच शिकवलं." मग नळी तिनं माझ्या गालाला लावली. कोमट होती. ताप असलेल्या लेकराच्या कपाळासारखी.

कॉलेजात गेलो. मॅडम अजून विभागप्रमुखांच्या खोलीत चहा घेत होत्या. आमच्याकडे तासभरही नव्हता. तिनं नळ्या माठात बुडवलेल्या ओल्या कापडात ठेवल्या. तेव्हा मला दुसरी अक्कल सुचली. ती पहिलीपेक्षा वाईट होती.

"ऐक," मी हळू आवाजात म्हणालो. "शहाण्याला बोनेटनं काही होत नाही. तो गुलाबी होणारच नाही. गार नळी म्हणून शहाण्याच्या पेशी दाखवू. गरम नळीत तापट. निकाल तोच येतो जो यायला पाहिजे होता."

"सर."

"खोटं नाही हे. तू महिनाभर हाच निकाल काढलास. फक्त आज—"

"सर, नका."

पण माझं नख तोवर शहाण्याच्या नळीवरच्या चिठ्ठीखाली गेलं होतं. अर्धी सोलली गेली. तिनं नळी माझ्या हातातून काढून घेतली आणि पुन्हा रॅकमध्ये ठेवली. चिठ्ठी लोंबत राहिली. तेवढ्यात दार उघडून मॅडम आत आल्या, मागोमाग विभागप्रमुख.

मॅडम बारीक होत्या, चष्मा साखळीला अडकवलेला, बोलणं शांत. असा शांतपणा मला नेहमीच घाबरवतो. त्यांनी स्टूल ओढलं आणि म्हणाल्या, "चला, दाखवा."

मुलीनं तापटाच्या पेशी दोन भागांत वाटल्या. एक भाग गरम पाण्यात, एक माठात. मध्ये त्यांनी प्रश्न विचारले, तिनं उत्तरं दिली. मी खिडकीजवळ उभा राहून उगाच भिंतीवरचा आवर्तसारणीचा तक्ता वाचत होतो. मग वेळ झाली. तिनं पॅथॉलॉजीचं औषध काढलं, आणि ते घालायच्या आधी थांबली.

"मॅडम, आधी सांगते. गार नळी पूर्ण पांढरी राहणार नाही. थोडी गुलाबी होईल."

"का?"

"सकाळी येताना ती बसच्या बोनेटवर होती."

मॅडमनी चष्मा वर केला. "कशावर?"

तिनं सांगितलं. डबे, खुणा, बोनेट, पांढरा रुमाल, सगळं. माझं नाव न घेता, पण ते घ्यायची गरजच नव्हती. विभागप्रमुख माझ्याकडे अशा नजरेनं बघत होते, की माझी पगारवाढ त्यांना तिथंच रोखायची होती.

औषध घातलं. गरम नळी बघता बघता गुलाबी झाली, गडद. गार नळी तशीच राहिली. आणखी थोडा वेळ तशीच. मग तळापासून एक फिकट गुलाबी छटा वर आली, पाण्यात कुंकवाचं बोट बुडवावं तशी.

"तुम्ही म्हणालात तसं झालं खरं," मॅडम म्हणाल्या. "पण गुलाबी गुलाबीच असतो. बोनेटमुळे झालं की तुमचा वाणच आता बिघडलाय, हे मला कसं कळणार?" आणि तुलनेसाठी त्यांनी शहाण्याची नळी उचलली. लोंबणारी चिठ्ठी बोटानं सरळ केली. "ही का सोलली आहे?"



"घामानं निघाली असेल," मी म्हणालो. "बर्फाचं पाणी..."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं नाही. मुलीकडे बघत राहिल्या. एका बाजूला तिची जागा, दुसऱ्या बाजूला तिचा सर. तिनं हो म्हटलं असतं तर विषय तिथंच संपला असता. मॅडमना पटलं असतं की नाही ते वेगळं.

"सरांनी काढली," ती म्हणाली. "हा वाण गार नळी म्हणून दाखवू म्हणत होते. मी नाही म्हटलं. म्हणून अर्धीच निघाली."

माझ्या कानापर्यंत रक्त चढलं. विभागप्रमुख खोकले. मॅडमनी नळी रॅकमध्ये ठेवली, अगदी हळू.

"आणि तुमच्या तापट वाणाचं?"

"याच नळीतून थोड्या पेशी घेते. नवीन पाण्यात, नवीन साखरेत टाकते. रात्रभर माठात, गार वाढू देते. नवीन पेशी जन्मतील, त्यांना बोनेट माहीतच नाही. सकाळी पांढऱ्या राहिल्या तर वाण चांगला. गुलाबी झाल्या तर..." ती थांबली. "तर तुम्ही म्हणता तेच खरं."

मॅडमची परतीची गाडी संध्याकाळची होती. त्यांनी विभागप्रमुखांना विचारलं, "विश्रामगृहात एक खोली मिळेल का?"

रात्री मी घरी गेलो, पण जेवण उतरलं नाही. माठ प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात होता आणि किल्ली तिनं स्वतःकडे ठेवली होती. मागितलीही नाही मी. बायकोनं विचारलं काय झालं, म्हणालो, ऊन लागलं.

सकाळी आम्ही तिघंच होतो. ती, मॅडम आणि दाराशी मी. तिनं रात्रीच्या नळीतल्या पेशी पुन्हा दोन भागांत वाटल्या, गार आणि गरम. वेळ झाली तसं तिनं दोन्हींत औषध घातलं. गरम गुलाबी झाली. गार तशीच. मी मनातल्या मनात थांब, थांब म्हणत होतो, कोणाला ते मलाही माहीत नव्हतं. मॅडमनी नळी खिडकीच्या उजेडात धरली, तिरकी केली, पांढरा कागद मागे धरला.

"पांढरी," त्या म्हणाल्या.

मुलीनं टेबलाची कड घट्ट धरली होती. ती सोडली, आणि तिच्या बोटांचे ओले ठसे लाकडावर उमटले.

"जूनमध्ये या," मॅडम म्हणाल्या. "आणि हा वाण मला आत्ताच थोडा द्या. मी बसमध्ये मांडीवर घेऊन बसेन. नळीवर बाहेरून मोठ्या अक्षरात लिहा."

मुलीनं लिहिलं. ओल्या कापडात नळी गुंडाळली, मॅडमच्या थर्मासात ठेवली. झाकण लावायला तिला दोन्ही हात कमी पडत होते म्हणून मी पुढे झालो.

"सर," ती म्हणाली, "तुम्ही फक्त मॅडमची बॅग धरा."

मी बॅग धरली.